बादशहाची जोडी आणि माझं घरभाडं

बॉस, पत्ते चांगले आले की माणूस बिनडोक होतो. स्वानुभव आहे, आणि त्याची किंमत आहे 5,200 रुपये!

2025 मध्ये कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले आणि माझा आतेभाऊ पोकरसाठी थेट गोव्याला जायला लागला. गेल्या डिसेंबरात मीही त्याच्याबरोबर गेले. मांडवीतली कॅसिनो बोट, 50-100 चं टेबल (म्हणजे पत्ते वाटण्याआधीच दोघांना 50 आणि 100 टाकावे लागतात) आणि माझ्यासमोर 10 हजारांच्या चिप्स. फ्रीलान्सरच्या खिशाला हे जडच, राव.

तासाभराने हातात आले दोन बादशहा. ही जोडी सरासरी 221 डावांत एकदा मिळते. मनात म्हटलं, आत्ताच पैसे वाढवले तर सगळे पळतील. म्हणून गुपचूप 100 टाकले. एकूण पाच जण आत राहिले.

टेबलावर सगळ्यांचे सामायिक तीन पत्ते उघडले: एक्का, अठ्ठी, तिरी. पोटात गोळाच आला! समोरच्या काकांनी 400 लावले. बाकीचे पॅक झाले, मी दिले. चौथ्या पत्त्यावर 1,200. दिले. पाचव्यावर 3,500. तेही दिले, कारण डोक्यात एकच, 'माझ्याकडे बादशहा आहेत!' काकांनी शांतपणे एक्का-तिरी उलटवली. दोन जोड्या. डाव त्यांचा.

कॅश गेमचा खरा धोका याच्या पुढे असतो. टुर्नामेंटमधून बाहेर पडलात की विषय संपला. इथे चिप्स म्हणजे थेट पैसे, आणि कमी पडले की आणखी घेता येतात. माझा हात एटीएम कार्डाकडे गेला. त्या खात्यात पुढच्या महिन्याचं घरभाडं होतं.

''ऊठ आता,'' दादा म्हणाला. ''तुला डाव दिसत नाहीये, फक्त गेलेले पैसे दिसतायत.''

रात्री पणजीत रॉस ऑम्लेट खाताना त्याने क्लास घेतला. ''अगं, बादशहाची जोडी एकासमोर साधारण 82 टक्के वेळा जिंकते. चौघांसमोर तीच निम्म्यावर येते. तू 500-600 केले असतेस तर काका एक्का-तिरी घेऊन बहुतेक थांबलेच नसते. एक्के, बादशहा, राण्या आल्या की आधी पैसे वाढवायचे आणि गर्दी कमी करायची.''

''आणि तरीही एक्का उघडला तर?''

''बादशहा हातात असताना पहिल्या तीन पत्त्यांत एक्का साधारण 23 टक्के वेळा येतोच. एकदा बघायचं, समोरचा जोर लावतोय असं दिसलं की सोडायचं. जोडीशी लग्न नाही लागलेलं तुझं!''

दुसऱ्या संध्याकाळी उरलेल्या 4,800 वर बसले. कार्ड हॉटेलातच ठेवलं होतं. गुलामाची जोडी आली. मी 400 केले, एकच जण मागे आला. पत्ते उघडले: एक्का, राणी, चौकी. गुलामांच्या बाबतीत हे नवल नाही, त्यांच्यापेक्षा मोठा पत्ता 57 टक्के वेळा दिसतोच. समोरच्याने 900 लावले. मी पॅक!

400 रुपये गेले. पण घरभाडं 1 तारखेला वेळेवर दिलं.