मसाला कुठला, ते आधी विचारा

नाशिकच्या आसपासच्या टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांच्या हाती जे कार्ड ठेवलं जातं, ते एकदा त्यांच्या नजरेनं वाचून बघा. शेनिन ब्लांबरोबर बकरीच्या दुधाचं चीज, शिराझबरोबर भाजलेलं लँब, काबर्नेबरोबर स्टेक. वाचणारं कुटुंब पुण्याहून आलेलं. घरी रविवारी तांबडा रस्सा, बुधवारी बोंबील, एरवी मटकीची उसळ. हौसेनं घेतलेली बाटली मग कपाटात पडून राहते, कारण ती कशाबरोबर उघडायची हे कुणी सांगितलेलंच नसतं. सुलाच्या पहिल्या वाईन २००० साली बाजारात आल्या, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१चं. एवढ्या वर्षांत द्राक्षं आपली झाली, वाईन आपली झाली, कार्ड मात्र परक्याचंच राहिलं.

'माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल' हा नियम तिथे चालतो, जिथे मांसाला मांसाचीच चव असते. आपल्या पातेल्यात चव ठरवतो तो मसाला. पांढरा रस्सा आणि तांबडा रस्सा एकाच बोकडाचे, पण एकाला चालणारी बाटली दुसऱ्याला चालेलच असं नाही. म्हणून वेटरनं पहिला प्रश्न विचारावा तो मसाल्याचा: तिखट किती, आंबट कशानं केलंय, खोबरं ओलं की भाजलेलं सुकं.

तिखटाचं गणित सरळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातली जी दाहाची जाणीव चेतवतं, तीच अल्कोहोलही चेतवतं. त्यात लाल वाईनमधलं टॅनिन जीभ कोरडी करतं आणि हुळहुळलेल्या जिभेला कडू लागतं. ओकच्या पिंपात मुरलेली १४ टक्क्यांची काबर्ने कोल्हापुरी मटणापुढे ठेवली, तर ग्राहकाचे पैसे आणि मटण दोन्ही वाया. तिथे उपयोगी पडते ती आपल्या यादीच्या तळाशी असलेली, किंचित गोडसर, चांगली गार केलेली शेनिन. साखर दाह निववते, आंबटपणा तर्री कापतो, अल्कोहोलही बेताचं. पण स्वस्त बाटली सुचवायला आपली माणसं कचरतात. ग्राहकाला कमीपणा वाटेल अशी भीती. कमीपणा वाटत असतो तो बहुधा विकणाऱ्यालाच.

हीच शेनिन चिंच-गुळाच्या आमटीलाही साथ देते, कारण दोन्हीत गोड आणि आंबट शेजारी शेजारी असतात. सोव्हिन्यों ब्लांचा हिरवट कडवा वास कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीच्या वाटणाशी जमतो. रव्यात घोळून कुरकुरीत तळलेल्या बोंबलाबरोबर, वर लिंबू पिळून, ती द्यावी. बांगड्याच्या तिखल्याबरोबर लाल वाईन अजिबात नको. लाल वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात उग्र, शिळकट वास रेंगाळतो, हे जपानी संशोधकांनी २००९ साली प्रयोगानं दाखवलं. घरोघरी ते जिभेला आधीच ठाऊक असणार. लाल वाईनची खरी जागा काळ्या मसाल्यापाशी. भाजलेलं सुकं खोबरं, दगडफूल, मिरे. शिराझमध्ये मिऱ्याचा जो वास येतो तो रोटुंडोन या द्रव्याचा, आणि काळ्या मिऱ्यातही तेच असतं. मिरची बेतात असलेलं सुकं मटण किंवा भरली वांगी असतील, तर ओक न लावलेली साधी शिराझ तिथे शोभते. ठेच्यापुढे मात्र कुठलीच वाईन टिकत नाही. तसं ग्राहकाला खुशाल सांगावं. सोलकढीही वाईनच्या घोटाआड घेऊ नये. कोकमाच्या आंबटपणापुढे बहुतेक वाईन पाणचट लागतात. ती जेवणाच्या शेवटीच बरी.

गोव्याहून आणलेल्या गोड पोर्टला आपण सगळेच नाक मुरडतो. पण सोर्पोतेलच्या व्हिनेगरी तिखटापुढे तिचा गोडवा काय काम करतो, हे एकदा निवांत चाखून बघावं, मग नाक मुरडावं.

याहून मोठी अडचण जेवणाच्या क्रमाची आहे, आणि तिच्याबद्दल आपण बोलतच नाही. आपल्याकडे आधी 'बसतात', मग जेवतात. ताटं वाढली की ग्लास संपलेले असतात. वाईन जेवणाबरोबर प्यायची असते हे व्याख्यान देऊन ही सवय मोडणार नाही. तेव्हा सुरुवात चखण्यापासून करू या. कोथिंबीर वडी, तळलेली सुरमई, कांदाभजी, खारे शेंगदाणे. तळणीला बुडबुड्यांची वाईन उत्तम, कारण आंबटपणा आणि फेस मिळून तोंडातलं तेल धुऊन काढतात. मिठानंही कोवळ्या वाईनचा आंबटपणा सौम्य वाटतो. चखण्याबरोबर वाईन आवडली की उरलेला ग्लास ताटापर्यंत आपसूक जाईल.

आता थोडं घरच्या भांडणाचं. लेबलावर 'खोलीच्या तापमानाला' असं छापतात ती खोली युरोपातली. एप्रिलात निफाडच्या खोलीत लाल वाईन काढ्यासारखी लागते. ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. स्वस्त पांढरी वाईन मुरवायची नसते, वर्षा-दोन वर्षांत प्यायची असते. तीच बाटली काही दुकानांत ट्यूबलाइटखाली, बिनपंख्याच्या फळीवर उन्हाळाभर उभी असते, आणि मग ग्राहक म्हणतो, देशी वाईन बेचव. काढणी जानेवारी ते मार्चमधली. दुकानदारांनी साल बघून माल मागवावा, जुना आधी पुढे लावावा.

आणि वायनरीवाल्यांना एक मागणं. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास निघतात. नवरा-बायको दोघंच असतील तर तीन ग्लास उरतात, आणि उघडलेली पांढरी फ्रिजमध्येही तीन-चार दिवसच नीट राहते. रोजच्या जेवणासाठी लोकांनी बाटली उघडावी असं वाटत असेल, तर ३७५ मिलीची बाटली गोडसर शेनिनमध्येही वर्षभर दुकानात दिसू द्या, आणि मागच्या लेबलावर चीजच्या जागी दोन ओळी मराठीत: किती गार करायची, कुठल्या मसाल्याबरोबर प्यायची.