सेवकाच्या पश्चात्

घरांतील माणूस निवर्तलें म्हणजे काय करावें, हें शास्त्रानें व रूढीनें आपणांस शिकविलें आहे. सुतक, पिंडदान, तेरावा, वर्षश्राद्ध ही दुःखाला बांधून दिलेली वाटच होय. परंतु पंचवीस वर्षें दुकानाच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला होत्या तो दिवाणजी गेला, किंवा इंजिनाचा बिघडलेला आवाज ज्याला सर्वांआधीं कळे तो भातगिरणीवरील माणूस गेला, तर धन्यानें काय करावें? त्याचें सुतक नाहीं, श्राद्ध नाहीं. शहापूर-मुरबाडकडे अशीं कितीएक घरें आहेत, कीं ज्यांचा सारा व्यवहार एका विश्वासू माणसाच्या खांद्यावर उभा असतो. तो गेला म्हणजे धनी दोन दिवस सुन्न होतो, माणूस सोन्यासारखा होता असें दहा जणांपाशीं बोलतो, आणि तिसऱ्या दिवशीं नवा माणूस शोधूं लागतो. त्यांत दुष्टपणा नसतो. आपलें कर्तव्य काय, हेंच त्याला उमगत नाहीं.

वस्तुतः आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा विचार केलेला आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, पांचव्या अधिकरणांत, भृत्यांच्या भरणपोषणाचें एक प्रकरण आहे. कामावर असतां जे मरतील त्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावें, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. शिवाय सेवकाच्या घरीं मृत्यु, आजार वा बाळंतपण आलें असतां द्रव्यानें आणि मानानें साह्य करावें, असेंहि कौटिल्याचें मत आहे. द्रव्य आणि मान ही जोडी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मानावांचून दिलेलें द्रव्य भिकेसारखें लागतें, आणि द्रव्यावांचून दिलेला मान कोरडा राहतो.

धन्याचें दुःख किती अवघड असूं शकतें, हें प्रतापराव गुजरांच्या हकीकतीवरून दिसतें. १६७३ सालीं उमराणीस कोंडींत सांपडलेल्या बहलोलखानाला त्यांनीं जाऊं दिलें, म्हणून शिवाजीमहाराजांनीं त्यांना कडक शब्दांत ठपका दिला. तो मनास लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीस मूठभर स्वारांनिशीं ते शत्रूवर तुटून पडले व ठार झाले. धन्याचा शेवटचा शब्द रागाचा, आणि तो परत घ्यावा तर ऐकणारा उरला नाहीं! सैन्य थांबून चालत नाहीं. महाराजांनीं हंबीरराव मोहित्यांस सरनोबती दिली. परंतु सहा वर्षांनीं, मार्च १६८० मध्यें, धाकट्या पुत्राचें, राजारामांचें, लग्न त्यांनीं केलें तें प्रतापरावांच्या मुलीशीं. गेलेल्याची जागा भरली गेली, पण त्याचें घर विसरलें गेलें नाहीं.

आतां आपल्याच तालुक्यांतील गोष्ट पाहूं. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीं, शहापूर तालुक्यांतील सरलांबे येथें, समृद्धि महामार्गाच्या पुलावर तुळया चढविणारें अवजड यंत्र कोसळलें आणि २० जण प्राणांस मुकले. राज्य सरकारनें प्रत्येक मृताच्या वारसांस ५ लाख व केंद्राकडून २ लाख रुपये जाहीर झाले. ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन मोटारी धावूं लागल्या. अशा वेळीं रक्कम तर हवीच. परंतु ज्याचें घर दूरच्या प्रांतांत आहे, त्याच्या माणसांस आणखी एक गोष्ट हवी असते. आपला मुलगा तेथें कसा राहत होता, काम कसें करीत होता, हें त्याला ओळखणाऱ्याच्या तोंडून ऐकावेंसें त्यांना वाटतें. तें सांगण्याचा अधिकार व कर्तव्य धन्याचेंच.

वहीकडेहि पाहिलें पाहिजे. ठाणें जिल्ह्यांत पूर्वीं लग्नगडी असत. लग्नाकरितां काढलेल्या कर्जापायीं ते सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षें राबत. १९७६ च्या कायद्यानें ती वेठबिगारी आणि तिच्यापायींचें कर्ज हीं दोन्हीं रद्द ठरलीं. तरी उचल म्हणून दिलेली रक्कम आजहि कितीएक वह्यांत मांडलेली असते. माणूस गेल्यावर ती बाकी दाखवून त्याच्या मुलाला कामास बोलावणें म्हणजे तीच जुनी रीत मागील दारानें आंत घेणें होय. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यानें पांच वर्षांच्या नोकरीची अट घातली, परंतु मृत्यु आल्यास ती सोडून दिली. कायद्याला जें सुचलें तें गृहस्थाला सुचूं नये काय? ती बाकी त्याच्या घरच्यांसमोर खोडून टाकावी.

बाकीच्या गोष्टी साध्याच आहेत. पहिल्या दिवशीं दुसऱ्यास न पाठवितां स्वतः जावें. राहिलेला पगार त्याच्या पत्नीस दुकानाच्या पायरीवर बोलावून न देतां तिच्या घरीं नेऊन द्यावा. घरांतील वडील बाईनें दर जूनमध्यें त्या मुलांच्या शाळेची, वह्यापुस्तकांची चौकशी करावी. एक वर्ष नव्हे, शिक्षण संपेपर्यंत. नव्या माणसाला "तो असता तर" असें ऊठसूट ऐकवूं नये. गेलेल्याच्या स्तुतीनें जिवंत माणसाच्या पाठीवर कोरडे ओढणें हा दोघांचाहि अपमान आहे.

आणि जो आज आपल्याकडे राबत आहे, त्याला संध्याकाळीं रागाचा शब्द देऊन घरीं पाठवूं नये. कांहीं बोलावयाचें असलें तर दुपारींच बोलून घ्यावें, आणि निघतांना त्याच्या मुलांबाळांची विचारपूस करून निरोप द्यावा.