अकर्म कोणाचे?



ज्या घरांनी धम्मदीक्षा घेऊन देव्हाऱ्यातील देव बाहेर काढले, त्या घरांच्या उंबरठ्यावर आता एक नवा उपदेशक येऊन उभा राहिला आहे. तो भटजीच्या वेषात येत नाही, पंचांग उघडत नाही, दक्षिणाही मागत नाही. तो शांतीची भाषा बोलतो. तो तुम्हांस म्हणतो, तुम्ही आता बौद्ध झालात. बौद्धाने झगडू नये, मागणी करू नये. पाणी उताराकडे जसे आपोआप जाते तसे जीवन जाऊ द्यावे. या उपदेशाच्या पुष्ट्यर्थ तो चीन देशातील लाओ-त्से या तत्त्ववेत्त्याचा आणि त्याच्या ‘वू-वेई’ म्हणजे ‘न करणे’ या सिद्धान्ताचा दाखला देतो. बुद्ध आणि लाओ-त्से एकच गोष्ट सांगून गेले, असा निर्वाळाही तो देतो.

हा उपदेश वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ काय होतो, याचा विचार करा. ज्याच्या मुलाची शिष्यवृत्ती कचेरीत अडून पडली आहे, त्या बापाने दुसरा अर्ज करू नये. ज्या कुटुंबाला गावच्या स्मशानभूमीत जागा नाकारली गेली, त्याने फिर्याद देऊ नये. ज्या मुलीला वर्गात जातीवरून हिणवले गेले, तिने मान खाली घालून ध्यान करावे! पूर्वी हेच आम्हांला दैवाच्या नावाने सांगितले जात होते. आता ते चिनी रेशमात गुंडाळून सांगितले जात आहे. म्हणून हा ‘वू-वेई’ मुळात काय आहे, तो कोणी कोणास सांगितला, आणि बुद्धाचा धम्म त्याविषयी काय म्हणतो, हे प्रत्येक बौद्ध कुटुंबाने नीट समजून घेतले पाहिजे.

हा उपदेश कोणासाठी होता?

‘ताओ-ते-चिंग’ हा लाओ-त्सेच्या नावावर असलेला ग्रंथ लहानसा आहे; ८१ प्रकरणे आणि सुमारे पाच हजार चिनी अक्षरे. तो ज्या काळात आकारास आला, तो चीनमधील राज्याराज्यांतील अखंड युद्धांचा काळ होता. राजे शेतकऱ्यांना सैन्यात ओढीत, करांनी पिळून काढीत, आणि कायद्यावर कायदे करून त्यांचा श्वास कोंडीत. अशा राजांना उद्देशून या ग्रंथाने सांगितले की, बाबांनो, आवरा. तुम्ही जितकी ढवळाढवळ कराल तितकी प्रजा दरिद्री होईल. प्रजा उपाशी आहे याचे कारण वरचे लोक धान्यकराच्या रूपाने फार खातात, हेही त्यात स्पष्टपणे सांगितलेले आहे.

याचा अर्थ काय? ‘वू-वेई’ हा प्रामुख्याने सत्ताधाऱ्याला दिलेला उपदेश होय. ज्याच्या हाती चाबूक आहे, त्याला सांगितलेले ‘न करणे’ म्हणजे चाबूक खाली ठेवणे. इतिहासात त्याचे फळही दिसते. इ. स. पूर्व २२१ मध्ये स्थापन झालेले छिन साम्राज्य कठोर कायदे आणि वेठबिगार यांच्या ओझ्याखाली पंधरा वर्षांतच कोसळले. त्यानंतरच्या हान राजवटीच्या प्रारंभीच्या सम्राटांवर या विचाराचा प्रभाव होता, आणि इ. स. पूर्व १५६ मध्ये सम्राट चिंग याने जमिनीचा सारा उत्पन्नाच्या तिसाव्या हिश्श्यावर आणला. राजाच्या अशा अकर्माला आम्ही आनंदाने नमस्कार करू.

पण ज्याच्या पाठीवर चाबूक पडतो, त्याला ‘न करणे’ शिकविणे म्हणजे काय? ते तत्त्वज्ञान नव्हे, ती फसवणूक होय. औषध एकाचे, ते पाजायचे दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे. खुद्द चीनमधील ताओपंथी शेतकऱ्यांनीही ते पाजून घेतले नाही. इ. स. १८४ मध्ये चांग च्याओ या ताओपंथी नेत्याच्या मागे लाखो शेतकरी डोक्याला पिवळी फडकी बांधून उभे राहिले आणि त्यांनी हान सिंहासन हादरवून सोडले. ताओचे नाव घेऊनच ते उठले होते, हे आमच्या नव्या उपदेशकाने ध्यानात ठेवावे.

ग्रंथाची दुसरी बाजू

आता या ग्रंथात जे आम्हांला मुळीच मान्य होण्यासारखे नाही, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. प्रजेची पोटे भरावीत पण तिला ज्ञानापासून दूर ठेवावे, हा विचार त्यात आहे. प्राचीन काळचे सुज्ञ राजे लोकांना शहाणे करीत नसत, अशी प्रशंसाही त्यात आहे. लोकांनी लेखन सोडून पुन्हा दोरीच्या गाठींनी हिशेब ठेवावा आणि शेजारच्या गावीही कधी जाऊ नये, असे आदर्श राज्याचे चित्र त्यात रंगविलेले आहे.

ज्याने शतकानुशतके ग्रंथालये पाहिली, तो एखाद्या संध्याकाळी लेखणीचा कंटाळा करू शकतो. परंतु ज्याच्या आजोबाला पाटीला हात लावू दिला नाही, त्याला दोरीच्या गाठींचे कौतुक सांगणे ही क्रूर थट्टा होय. परमपूज्य बाबासाहेबांनी आम्हांला शिक्षण, संघटन आणि संघर्ष ही त्रिसूत्री दिली. तिच्यातील पहिलेच सूत्र या चित्राला फाडून टाकते.

चुआंग-त्से या दुसऱ्या ताओवादी विचारवंताची एक कथा मोठी प्रसिद्ध आहे. तिंग नावाचा खाटीक बैल कापताना सांध्यांमधील मोकळ्या जागेतून सुरी इतक्या अलगद नेतो की एकोणीस वर्षांत तिची धार बोथट झालेली नाही. ते पाहून त्याचा धनी म्हणतो की, जगावे कसे हे मी आज शिकलो. बळजबरी न करता, वस्तूचा स्वभाव ओळखून केलेली सहज कृती, हा ‘वू-वेई’चा अर्थ येथे चांगला उलगडतो. ‘न करणे’ म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे या कथेवरूनच सिद्ध होते. तिंगचे हात तर अखंड चालू आहेत. खाटकापाशी धनी शिष्य होतो, हेही आम्हांला आवडते. पण आम्ही पुढचा प्रश्न विचारतो. धडा संपल्यावर काय झाले? धनी धनीच राहिला आणि खाटीक खाटीकच राहिला. कौशल्याची स्तुती करून माणसाला त्याच्या जागी बसवून ठेवण्याची कला या देशालाही फार जुनी आहे. जातीने येथे नुसते काम वाटले नाही, माणसेच वाटून टाकली. म्हणून ज्या हातांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, त्या हातांनी आपले कौशल्य कोठे लावायचे हे स्वतः ठरविण्याचा अधिकारही मिळविला पाहिजे.

बुद्ध अकर्मवादी होता काय?

हा प्रश्न नवा नाही. तो तथागतांच्या हयातीतच उपस्थित झाला होता. वैशालीचा सेनापती सीह हा निगंठांचा अनुयायी होता. श्रमण गौतम हा अक्रियावादी आहे, त्याच्याकडे जाऊ नकोस, असे त्याला सांगण्यात आले होते. सीह तरीही गेला आणि त्याने प्रत्यक्ष विचारले. तथागतांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, काया, वाचा आणि मन यांनी होणारी दुष्कृत्ये करू नका असे मी सांगतो, त्या अर्थाने मी अक्रियावादी खरा. आणि सत्कृत्ये करा असे सांगतो, त्या अर्थाने मी क्रियावादी होय. न करणे हे दुष्कृत्याच्या बाबतीत. करणे हे सत्कृत्याच्या बाबतीत. या एका उत्तरात सर्व वादाचा निकाल लागतो.

कोणत्याही कृतीला पाप-पुण्य नाही असे म्हणणारा पूरण कस्सप आणि सर्व काही नियतीने ठरलेले आहे असे म्हणणारा मक्खली गोसाल, या दोघांची मते तथागतांनी नाकारली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात या मतांचा आवर्जून परिचय दिला आहे, तो उगाच नव्हे. अष्टांगिक मार्गात सम्यक् व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, हे एक स्वतंत्र अंग आहे. आणि तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचाच आहे. अशा शास्त्याला स्वस्थ बसण्याचा गुरू ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होय.

‘चिनी बौद्धांनीच तर निर्वाणाला वू-वेई म्हटले’, असे कोणी म्हणेल. खरे आहे. इ. स. १४८ मध्ये आन शिगाव हा पार्थियन भिक्खू लोयांग नगरीत आला. त्याच्या काळच्या आरंभीच्या भाषांतरकारांनी शब्दाअभावी हा ताओवादी शब्द निर्वाणासाठी उसना घेतला. शब्द उसना घेतला म्हणून सिद्धान्त उसना घेतला, असे होत नाही. पुढे ह्यु-एन-त्संगने ही रेषा अगदी स्पष्ट केली. हा तोच भिक्खू, जो इ. स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या काळी आपल्या महाराष्ट्रात आला आणि ज्याने येथे शंभराच्या आसपास विहार व सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद केली. मायदेशी परतल्यावर ६४७ मध्ये सम्राटाने त्याला लाओ-त्सेचा ग्रंथ संस्कृतात उतरविण्याची आज्ञा केली. ताओपंथी पंडितांचा आग्रह होता की ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द वापरावा. ह्यु-एन-त्संगने त्यास साफ नकार दिला. ताओ म्हणजे ‘मार्ग’ एवढेच, असे त्याने बजावले. राजाज्ञेपुढेही त्याने धम्माची सरमिसळ होऊ दिली नाही.

ही सरमिसळ कोठवर जाते हेही पाहा. इ. स. ३०० च्या सुमारास वांग फू या ताओपंथीयाने एक ग्रंथ रचून सांगितले की, लाओ-त्से पश्चिमेकडे गेला आणि तेथील लोकांना त्यानेच बौद्ध धर्म शिकविला. म्हणजे बुद्धाची थोरवी लाओ-त्सेच्या खात्यावर जमा! बंधूंनो, ही युक्ती ओळखीची वाटत नाही काय? येथे बुद्धाला विष्णूचा अवतार करून हेच केले गेले. चीनमध्ये तो वाद शतकानुशतके चालला आणि १२५८ मध्ये कुब्लाईखानासमोर झालेल्या सभेत ताओपंथी हरल्यावर तो ग्रंथ नष्ट करण्याची आज्ञा झाली. आम्हांला अशा राजाज्ञेची गरज नाही. १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी दिलेली पाचवी प्रतिज्ञा आम्हांला पुरेशी आहे.

खरे अकर्म महाडला दिसले

तर मग ‘न करणे’ या गोष्टीला आमच्या जीवनात काहीच स्थान नाही काय? आहे, आणि ते फार मोठे आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या आमच्या लोकांवर महाडमध्ये लाठ्या पडल्या. उलट हात उचलू नका, असे बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावले. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यावर हजारो सत्याग्रही जमलेले असताना त्यांनी तळ्यावर जाणे स्थगित केले. हे अकर्म नव्हे काय? होय. पण त्याच वेळी मनुस्मृतीचे दहन झाले, दावा लढविला गेला, आणि दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आमच्या बाजूने दिला. दुष्कृत्य केले नाही. सत्कृत्य सोडले नाही. सीह सेनापतीला मिळालेले उत्तर महाडच्या रस्त्यावर असे जगून दाखविले गेले.

नंतरचा इतिहासही हेच सांगतो. दीक्षा घेतलेल्या बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. १९५६ पासून चौतीस वर्षे! मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला, पण बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि दरम्यान आमच्या वस्त्या जळाल्या, माणसे मेली. यांतील कोणती गोष्ट स्वस्थ बसून पदरात पडली?

२०२१ मध्ये चीनच्या तरुणांत ‘थांग-फिंग’, म्हणजे सरळ आडवे होणे, हा शब्द पसरला. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्यातून ६ दिवस राबविणाऱ्या मालकांना त्यांनी दिलेले ते मूक उत्तर होते. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कामाची पद्धत बेकायदेशीर असल्याचे सांगितले. त्या तरुणांविषयी आम्हांला सहानुभूती आहे. पण जो कारखान्यात शिरला आहे, तो श्रम काढून घेऊ शकतो. ज्याला दारातच अडविले आहे, तो आडवा झाला तर त्याला ओलांडून लोक आत जातील, एवढेच.

म्हणून, बौद्ध माता-पित्यांनो, लाओ-त्से अवश्य वाचा, मुलांनाही वाचू द्या. आम्हांला कोणत्याच ग्रंथाचे भय नाही. वाचताना मात्र एकच प्रश्न विचारा : येथे ‘न करणे’ कोणाला सांगितले आहे? जो जुलूम करतो त्याला सांगितले असेल, तर तो उपदेश त्याच्या दारावर नेऊन लावा. जो जुलूम सोसतो त्याला सांगितले असेल, तर पुस्तक शांतपणे मिटा आणि अडलेला अर्ज पुन्हा लिहावयास घ्या. द्वेष करू नका, सूड घेऊ नका, व्यसन करू नका, जुन्या देवांना पुन्हा घरात घेऊ नका. हे आमचे अकर्म. मुलांना शिकवा, विहारात एकत्र या, हक्कासाठी कायद्याने झगडा आणि निकाल लागेपर्यंत हटू नका; हे आमचे कर्म.

जय भीम!