नऊ नखं रंगवा, एक कोरं ठेवा

बाळंतपणाला आलेल्या बाईच्या बोटांवर लाल नेलपॉलिश दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "इथं यायचं होतं तरी नखरे सुटले नाहीत!" मी आरोग्यसेविका म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सावली, सिंदेवाही या भागात नोकरी केली आणि हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की निवृत्तीनंतर तरी त्यावर लिहावंच, असं ठरवलं होतं. बाई कळांनी बेजार, एक जण तिच्या नखांवर रिमूव्हरचा बोळा घासतेय आणि वरून तोंडसुख घेतेय. बोळा घासणं बरोबर होतं. तोंडसुखाचं काही कारण नव्हतं.

नख उघडं का लागतं, ते आम्ही कुणाला नीट सांगत नाही. नुसतं "पुसा" म्हणतो. तर ऐका. नखाखालची कातडी गुलाबी दिसते ती रक्तामुळे. नख दाबून सोडलं की ते पांढरं पडतं आणि दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. रंग परतायला वेळ लागला तर रक्त बोटापर्यंत नीट पोचत नाहीये. नख मुळातच फिकं असेल तर अंगात रक्त कमी असल्याची शंका घ्यायची, मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, जीभ बघायची, हिमोग्लोबिन तपासायचं. लोह फारच कमी झालं की काही बायकांचं नख मधोमध खोलगट होतं, इतकं की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो तिथंच बसून राहतो. हे सगळं मरून रंगाच्या दोन हातांखाली झाकलं जातं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. त्याचा प्रकाश नखातून आरपार जातो. काळा किंवा गडद निळा थर मध्ये आला तर आकडा चुकू शकतो, नाहीतर येतच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली आणि आशाताई ते यंत्र घेऊन दारोदार फिरल्या, तेव्हा कित्येक घरांत आधी बोट पुसण्याचा कार्यक्रम व्हायचा. (यंत्र बोटावर आडवं लावून चालतं, हेही तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं.)

आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हे नख बघणं अंमळ जास्तच गरजेचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यात इथं सिकलसेल हा रक्ताचा आजार. केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत हा आजार हटवायचा असं ठरलं. तपासणी रक्ताच्या थेंबाची असते, नखाची नव्हे. पण सुई टोचण्याआधी बाईचा हात हातात घ्यावाच लागतो, आणि हातात घेतलेला हात बघायला शिकलेली नर्स पुष्कळ काही वाचते.

इथवर मी डॉक्टरांच्याच बाजूची. आता बायकांची बाजू.

सावलीकडच्या एका गावात लसीकरणाच्या दिवशी आलेल्या पाच महिन्यांच्या गरोदर पोरीला मी नखं पुसायला सांगितली. ती म्हणाली, "काऊन पुसू जी बाई? कालच त लावली. बाजारात गेली होती मी, किती दिसानं." मी गप्प बसले. ही पोर जुलै-ऑगस्टात दिवसभर वाकून धानाच्या बांधीत रोवणी करते, एप्रिलात पहाटे उठून मोहफुलं वेचते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते. सत्तर पानांचं एक पुडकं, अशी पुडकी बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात तिथं, नेऊन मोजून द्यायची. या कामांत बोटांचं काय होतं ते मी लिहायला नको. स्वतःच्या अंगावरची, स्वतःच्या पैशानं घेतलेली, कुणाला न विचारता निवडलेली एकच गोष्ट तिच्याकडे होती आणि मी ती पुसायला सांगत होते.

हा शौक कुठून येतो ते बघायचं तर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत जा, चैत्रात चंद्रपुरात महाकालीच्या यात्रेत जा, नाहीतर दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या कुठल्याही मंडईत. रात्री नाटक, दिवसा दुकानं. बांगड्यांच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात बाटल्यांचा ट्रे असतो आणि त्याच्याभोवती चौघीजणी. एकीनं अंगठ्याला गुलाबी लावून बघितलेली असते, तर्जनीला जांभळी, मधल्या बोटाला चमकीची. दुकानदार ओरडतो, "ओ ताई, घ्यायची का नुसतीच रंगवायची?" चौघींत मिळून एक बाटली घेतली जाते आणि हात मात्र चौघींचे पाच-पाच रंगांनी भरून गावी परततात. मला हा सगळा प्रकार फार आवडतो. मी स्वतः त्या ट्रेसमोर अजूनही रेंगाळते.

नोकरीत असताना हाताच्या नखांना मी कधी रंग लावला नाही. रुग्णाला हात लावणाऱ्याची नखं आखूड आणि स्वच्छ हवीत, खोटी नखं तर नकोतच. जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे की नखाचं टोक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावं. म्हणून मी पायाची नखं रंगवायची. बंद चपलेत कुणाला दिसत नसत, मला ठाऊक असत. आता हातांनाही लावते, आणि इतक्या वर्षांच्या हौसेतून जे कळलं ते सांगून टाकते. रंग दुकानाच्या दिव्याखाली निवडू नये, बाहेर उन्हात येऊन बघावा. एका नखावर दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि गोधडीची वळी त्यावर उमटते. आपल्याकडच्या सावळ्या हातांवर फिकट गुलाबी चुन्यासारखी दिसते. वांगी, मरून, विटकरी, गडद हिरवी बघा, हात कसे उठून दिसतात. गोऱ्या मॉडेलचा फोटो बघून रंग घेणाऱ्या पोरींना हे कुणी सांगत नाही. आणि खाली आधी रंगहीन थर दिला तर नखं पिवळी पडत नाहीत.

रिमूव्हर बहुतेकींकडे नसतो. मग ब्लेडनं खरवडतात, दातांनी सोलतात. त्याबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघतो, नख पांढरं, खडबडीत होतं आणि दोष नेलपॉलिशला जातो. याला एक साधी युक्ती आहे आणि ती मला बाजारातल्या बांगडीवालीनं शिकवली: जुन्या रंगावर त्याच बाटलीतला नवा हात फिरवायचा आणि सुकायच्या आत फडक्यानं पुसायचा. जुना नव्यात विरघळून निघून येतो. कारण बाटलीत जे द्रव असतं तोच या रंगाचा विद्रावक असतो. नेलपॉलिश म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूवर आम्लांची प्रक्रिया करून ते बनतं आणि इथाइल किंवा ब्युटाइल अॅसिटेटमध्ये विरघळवून बाटलीत भरतात. द्रव उडून जातं, पापुद्रा उरतो. याच नायट्रोसेल्युलोजपासून बंदुकीची धूर न होणारी दारूही बनते, त्यामुळे चुलीजवळ बसून नखं रंगवणाऱ्या पोरीला मी हटकतेच. रिमूव्हर तर त्याहून लवकर पेट घेतो.

चंद्रपुरात आता जेलची नखं करून देणारी पार्लरं निघाली आहेत. लग्नसराईत तिथं रांग असते. त्याबद्दल मी फार बोलत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी करावं. फक्त दोन गोष्टी. जेल घट्ट करायला वापरायचं टीपीओ नावाचं एक रसायन युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांतून बंद केलं, तेव्हा बाटलीवर काय लिहिलंय ते विचारायला लाजू नका. आणि पार्लरवालीला नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू देऊ नका. ती कातडी नखाच्या फटीचं झाकण आहे. शहरातल्या बाईला कदाचित काही होणार नाही. रोवणीला जाणारीनं मात्र ती कापून घेतली तर आठवड्याभरात नखुरडं ठरलेलं.

कारण रोवणीच्या दिवसांत खरा घात तिथंच होतो. पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखलात बोटं खुपसून रोवत जायचं, दिवसभर. पाण्यानं कातडी फुगते, नखाच्या कडेला फट पडते, त्यात चिखल जातो. दोन दिवसांनी बोट ठसठसायला लागतं, नखाच्या कडेला पू धरतो. बाई काय करते? सुईनं फोडते, हळद दाबते आणि पुन्हा बांधीत उतरते, कारण एक दिवस घरी बसली तर मजुरी गेली. पायाच्या बोटांत चिखल्या होतात त्या वेगळ्याच. नेलपॉलिश लावली की चिखल लागत नाही असं काही जणी समजतात. ती नखाचा पत्रा झाकते, कडेची फट झाकत नाही. त्याला उपाय जुनाच: घरी आल्यावर साबणानं हात-पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं आणि रात्री मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल नखांच्या कडांना चोळणं. सासूबाई हे करायच्या. आम्ही शिकलेल्या सुनांनी ते सोडलं आणि बाटलीतलं लोशन आणलं.

पायाच्या नखांचं महत्त्व आपल्या भागात आणखी एका कारणानं आहे. हत्तीरोग. सुजलेल्या पायाच्या रुग्णाला आम्ही शिकवतो ते एवढंच: पाय रोज धुवा, कोरडा करा, नखं सरळ कापा, कडा खोल खणू नका. तिथल्या बारक्याशा जखमेतून जंतू शिरले की ताप येतो आणि सूज आणखी वाढते. कुष्ठरोगाचंही तसंच. 1949 साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं, तेव्हापासून या जिल्ह्याला बधिर बोटांची ओळख आहे. जिथं दुखतच नाही तिथं नख उचकटलं तरी कळत नाही, म्हणून रोज बोटं डोळ्यांनी तपासायची, पाण्यात भिजवायची, तेल लावायचं. नखांची निगा हा काही मासिकातल्या रंगीत पानांचाच विषय नाही.

असं असताना रोवणीच्या आधी, जूनमध्ये, उपकेंद्रात मलेरियाच्या गोळ्यांबरोबर बुरशीचं मलम आणि नखुरड्याची माहिती का पोचू नये? गमबूट आणि रबरी हातमोजे खताच्या दुकानात मिळतात, पण रोजंदारीच्या बाईला ते कोण देणार? शेतमालक मजुरी ठरवताना चहा-बिडीचं बोलतो, बुटांचं कधी बोलत नाही. नेलपॉलिशवर टोमणे मारणाऱ्यांनी आपला थोडा आवाज इकडे खर्च केला तर बरं होईल.

आणखी एक. गावोगावी पारावर असे पुरुष बसलेले असतात ज्यांनी डाव्या करंगळीचं नख बोटभर वाढवलेलं असतं. काहींनी त्याला लाल रंगही लावलेला असतो. त्याच नखानं कान कोरायचा, तंबाखूची पुडी उघडायची. यांना "नखरे" म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. गरोदर बाईला "नेलपॉलिश लावू नका" असं सांगणं आपण बंद करावं. त्याऐवजी सांगावं, एक नख कोरं ठेवा. नऊ नखं हवी तशी रंगवा. आशाताईला, नर्सला, डॉक्टरला एक नख पुरतं. नख दाबून बघायला, यंत्र लावायला. मोठी शस्त्रक्रिया असेल तर सगळी पुसावी लागतील, ती गोष्ट वेगळी. पण नऊ महिने दर तपासणीला बाईचा हिरमोड करायची गरज नाही. मी माझ्या शेवटच्या काही वर्षांत हे सांगून बघितलं. पोरी हसायच्या आणि पुढच्या वेळी खरंच एक नख कोरं घेऊन यायच्या. त्याआधी त्यातल्या काही जणी तपासणीच टाळायच्या.

कुठलं नख, असा प्रश्न येतोच. मी डावी तर्जनी सांगते. ऑक्सिमीटरला सोयीची, आणि आणखी एक व्यवहारी कारण आहे. त्या बोटावर सरकार स्वतःच रंग लावतं. म्हैसूरच्या कारखान्यातून 1962 पासून येणारी निवडणुकीची शाई, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणून ती कातडीवरून काही दिवसांत गेली तरी नखावरून धुतली जात नाही; नख वाढून पुढे सरकेल तशीच ती जाते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. 19 एप्रिल 2024 ला आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी लोकसभेला मतदान केलं, त्या वेळची नखाच्या मुळाशी लागलेली काळी रेघ रोवणीपर्यंत टोकाजवळ आली होती आणि पोळ्याच्या सुमारास नखाबरोबर कापली गेली. मतदान केंद्रावरचा माणूस बोट पुसून घेतो आणि मगच शाई लावतो. तिथं मात्र कुणी म्हणत नाही, "इथं यायचं होतं तरी नखरे सुटले नाहीत."