सोन्याची अंगठी आणि पुढची खुर्ची



बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात पुढच्या खुर्चीवर कोण बसला होता? ठेकेदार. आपलाच माणूस. गळ्यात निळा दुपट्टा, बोटात सोन्याची अंगठी. फरशी दिली म्हणून माईकवरून त्याचं तीनदा नाव घेतलं. त्याच्याच हाताखाली मिलमध्ये कापसाचा कचरा उचलणाऱ्या बाया दाराशी, चपलांजवळ बसल्या होत्या. त्यांचा तीन महिन्यांचा पगार त्यानं दाबून ठेवलेला. कमिटीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी गप्प बसलो. म्हणून आता लिहितो.

नंतर कामठीच्या रद्दीवाल्याकडून आणलेला 'नवा करार' वाचत होतो. त्यात याकोबाचं पत्र आहे, पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेलं. वाचून कानफटात बसली. तुमच्या सभेत अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा देता, फाटक्या कपड्यातल्याला पायाशी बसवता, असं तो लोकांना सुनावतो. तुम्हाला कोर्टात खेचतात ते कोण, हेच श्रीमंत ना, असंही विचारतो. आणि मजुराची दाबलेली मजुरी गप्प राहत नाही, बोंब मारते म्हणतो. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचं पत्र. आमच्या विहाराचा पत्ता त्याला कोणी दिला?

अभ्यासवर्गात हे सांगितलं तर एक पोरगा तडकला. "तू मिशनरी झाला का बे? आपल्याले येशूशी काय लेनंदेनं?"

काही नाही. मी 22 प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे, देव मानत नाही. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात भिक्खूजवळच्या वस्तूंची यादी कशाला दिली? चीवर, भिक्षापात्र, वस्तरा, सुई. खाजगी मालमत्तेवर संघाची बंदी किती कडक होती, हे दाखवायला. यरुशलेमातले पहिले ख्रिस्तीही जमीन-घरं विकून पैसा एकत्र ठेवत, ज्याला जेवढी गरज तेवढं वाटत. हनन्या आणि सप्पीरा यांनी थोडा पैसा लपवला, तर त्यांची गोष्ट कायमची लिहून ठेवली. दोन्हीकडे धर्माची परीक्षा हिशेबाच्या वहीत होती.

पुढे काय झालं? वाटून घेणं गेलं, दानधर्म आला. गोव्यात चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे उत्सवाच्या मानपानाच्या मंडळ्या, जातीवर चालत आल्या. तामिळनाडूत ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली. मेल्यावरही शेजार नको! धर्म बदलून ख्रिस्ती माणसाची जात का गेली नाही, हे बाबासाहेबांनी सोलून लिहिलंय. 1989 साली निघालेल्या इंग्रजी लेखनाच्या 5 व्या खंडात आहे. वाचा.

पण चर्चवर थुंकणं सोपं आहे. आपलं काय?

करिंथच्या मंडळीला पौलानं झापलं, कारण एकत्र जेवणात पुढच्यांनी पोटभर खाल्लं नि मागचे उपाशी राहिले. आता आपली पंगत पाहा. 1950 च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस फक्त हिंदू. 1956 साली शीख आले. आपण त्याच साली दीक्षाभूमीवर बौद्ध झालो आणि केंद्राच्या यादीबाहेर पडलो. 1990 ला आत आलो. 34 वर्षं! दलित ख्रिस्ती नि दलित मुसलमान बाहेरच राहिले. 2022 साली केंद्रानं त्यासाठी बालकृष्णन आयोग नेमला, तेव्हा आपलेच काही बोलले, "त्यायले घेऊ नका, आपला वाटा जाईन." वाटा कमी पडतो तर वाढवून मागा. ते भांडण सरकारशी आहे. 34 वर्षं दारात उभं राहिलेल्यानं दार लावून घ्यायचं?

पहिल्या ख्रिस्त्यांचं सगळंच डोक्यावर घ्या, असं मी म्हणत नाही. ओनेसिम नावाचा गुलाम होता. पौलानं त्याला मालकाकडे परत धाडलं, भावासारखा वागव अशी चिठ्ठी देऊन. चिठ्ठीनं गुलामगिरी मोडली नाही. मालकाच्या मनावर सोडलेली नीती मालकाच्या दारातच मरते. बाबासाहेब चिठ्ठीवर थांबले नाहीत. संविधानात 17 वं कलम आलं, अस्पृश्यता गुन्हा ठरली. पण कायदा आपल्या हातात असताना आपणच ठेकेदाराला हार घालतो, त्याला काय म्हणायचं?

कमिटीला माझं सांगणं आहे. विहाराचा जमाखर्च भिंतीवर लावा. ज्यानं मजुरी दाबली त्याची फरशी घेऊ नका. घेतली असेल तर पगार चुकता होईपर्यंत त्याला पुढची खुर्ची नाही. त्या खुर्चीवर कचरा उचलणारी बाई बसंल.

आपल्या कन्हान नदीच्या काठी बाबू हरदास एल. एन. यांचं स्मारक आहे. 'जयभीम' हा शब्द आपल्याला या माणसानं दिला. कामठीच्या विडी मजुरांना त्यानं संघटित केलं, 1937 ला निवडून आला, 1939 ला ऐन पस्तिशीत गेला. त्याचा शब्द ठेकेदाराला सलाम ठोकायला वापरायचा नाही.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता हजेरीचे कागद घेऊन ठेकेदाराच्या दारात जायचं आहे. बाया पुढे, आपण मागे.

जयभीम.