उवांची कसली लाज?
परवा चितेगावात पैठण रस्त्यालगतच्या भाड्याच्या खोल्यांपुढं एक आजी नातीचं डोकं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. हातात बारीक दातांची फणी. सापडली ऊ की दोन नखांमध्ये टच्‌कन चिरडायची. मी जवळ जाताच पोरीनं झटकन ओढणी डोक्यावर घेतली. वर्गात तिला मागच्या बाकावर एकटीला बसवलंय म्हणे. हा कुठला न्याय? ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडं जाते. म्हणजे जिला जिवाभावाच्या मैत्रिणी, तिलाच धोका जास्त! केस धुतलेले की तेलकट, हे ऊ बघत नाही. तिला रक्ताशी मतलब. आता पोटातल्या जंतांचं बघा. २०१५पासून देशात जंतनाशक दिन पाळतात, १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल देतात, आणि कुणाच्या पोटात जंत आहेत हे कुणी विचारत नाही. मग डोक्यातल्यांसाठीच नावं का पुकारायची? पोरींचे केस भादरणं तर क्रूरपणाच, आणि रॉकेल चोळणं म्हणजे आगीशी खेळ. ओल्या केसांतून फणी फिरवा. औषध लावलंत तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावा, कारण वाचलेल्या लिखा तोवर फुटलेल्या असतात. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा, बापाचंसुद्धा. आणि बाई, चिठ्ठी द्यायचीच तर वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी द्या, अन् त्या पोरीला उद्याच पुढच्या बाकावर घ्या.