वैशाखातली पंगत आणि रायवळाची सावली

कल्याणहून माळशेजकडे जाणारी सडक मुरबाड ओलांडून टोकावड्याच्या बाजूस लागली, किंवा आग्रा रोड आसनगाव-आटगाव मागे टाकून कसाऱ्याच्या घाटाकडे चढू लागला, की चैत्र-वैशाखात दोन्ही अंगांस दिसणारा देखावा परक्या माणसास रुक्षच वाटतो: राब भाजून काळी पडलेली खाचरे, आटलेले ओढे आणि दूरवर माहुलीचे अथवा गोरखगडाचे उघडे कातळ. परंतु ज्यांचे बालपण शहापूर-मुरबाडात गेले त्यांस पक्के ठाऊक आहे की जिभेच्या दृष्टीने या मुलखाचे ऐश्वर्य याच दिवसांत असते; कारण करवंदे, तोरणे, आळू, जांभळे, फणस आणि ज्याच्या प्रत्येक झाडाची चव निराळी असा रायवळ आंबा, हे सारे पाऊस पडण्याच्या आधीच ओटीत घालून रान मोकळे होते.

राब भाजून झाला, वाल मळून घरात आले आणि मृगास अद्याप अवकाश असला, म्हणजे एखादा दिवस मुक्रर करून आमची आळीच्या आळी भांडीकुंडी घेऊन काळू नदीच्या पात्रात उतरत असे. आदल्या रात्री बायका एका ओट्यावर बसून, मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यातून काढून सोलीत. त्या सोललेल्या वालांचे बिरडे, तांदळाच्या भाकऱ्या, आठळ्या घातलेली सुकट, कोवळ्या फणसाची भाजी आणि कैरीचे सार एवढा बेत ठरलेला असे. पाणी घरून कोणी नेत नसे. पात्रातली वाळू हातभर उकरून डवरा खणावयाचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकावयाचे, आणि मग घटकाभर स्वस्थ बसून तळाशी नितळ पाणी पाझरू लागले की करवंटीने ते हंड्यात भरावयाचे, हे काम मुलांकडे असे. डवऱ्याच्या कडेवर पाय देऊन वाळू ढासळविणाऱ्यास त्या दिवशी फार बोल खावे लागत. पळसाची नवी पाने तोवर पंजाएवढी झालेली असत. ती बांबूच्या चोयांनी टाचून पत्रावळी लावण्यात म्हाताऱ्या माणसांचा हात असा चाले की बिरड्याचा रस्सा वाढला तरी थेंब खाली गळू नये.

त्या पंगतीचे स्मरण मी प्रेमाने करतो, तथापि तिचे एक उणे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कोणत्या झाडाचा आंबा गोड, आळू कोठल्या खोऱ्यात पिकले, हे ज्या कातकरी आणि ठाकूर माणसांनी दाखवावयाचे, त्यांची पाने पुष्कळ वेळा निराळी आणि मागाहून मांडली जात. ज्यांच्या ज्ञानावर जेवण उभे राहावयाचे त्यांनाच पंगतीबाहेर बसवणारी ती वहिवाट पुन्हा नको. शेवळाचेच पाहा. उन्हाळा सरता सरता, पहिल्या सरीबरोबर ते रानात उगवते. त्यातील खाज घशाला असह्य होते, म्हणून त्याच वेळी मिळणारी काकडाची आंबट फळे त्यात घालावी लागतात. आज ठाण्या-कल्याणच्या बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर काकडे विकायला बसणारी आदिवासी बाई पिढ्यान्पिढ्यांचे हे ज्ञान अल्प किमतीस देऊन जाते.

अशा पंगती आता विरळ झाल्या, याचा दोष तरुणांच्या आवडीनिवडीवर ढकलणे मला मान्य नाही. रायवळाची झाडे लाकडाच्या भावाने गेली, नदीकाठच्या जमिनींचे फेरफार होऊन त्यांस शेतघरांची कुंपणे पडली, आणि इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून शहापुरातील जमिनीवरची नजर अधिकच तीव्र झाली आहे. पाण्याची कथा तर त्याहून दारुण. 1892 साली तानसा बांधले गेले, पुढे मोडकसागर आणि भातसा झाले, मुंबईची तहान या डोंगरांनी भागविली. आणि त्याच शहापुरातील कित्येक पाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत बायका टँकरची वाट पाहात हंड्यांची रांग लावतात. जेथे पिण्याचे पाणी मोजून मिळते तेथे शंभर माणसांचे जेवण कोणी कसे मांडावे?

म्हणून माझे म्हणणे असे, की वनभोजन पुन्हा भरवावयाचे असेल तर आचारी आणि मंडप यांच्या आधी झाडे आणि झरे यांची तजवीज करावी लागेल. त्यासाठी नवा कायदा नको. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर सामूहिक हक्क दिला असून वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. तर 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमान्वये आंबा, फणस, जांभूळ, मोह ही झाडे खासगी मालकीच्या शिवारातही परवान्यावाचून तोडता येत नाहीत. कागदावर इतके असताना लाकडाची गाडी रात्री निघून जाते, कारण गावात कोणापाशीही आपल्या झाडांची यादी नसते. बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळाल्यावर तेथील बागायतदारांस आपल्या झाडांची किंमत जशी नव्याने कळली, तशी ती रायवळाचीही कळावयास हवी. मुरबाडात श्रमिक मुक्ती संघटना आणि वननिकेतन यांनी रानभाज्यांचे मेळे भरवून जाणत्या आदिवासी स्त्रियांस मानाचे आसन दिले. तसे काम गावोगावच्या ग्रामसभांनी चैत्रातच हाती घ्यावे. पाड्यावरील जाणत्या माणसांस सोबत घेऊन फळझाडे आणि बारमाही डवरे यांची नोंद करावी, तिचा ठराव दफ्तरी ठेवावा, आणि परवान्यासाठी येणारी प्रत्येक दरखास्त त्या नोंदीशी ताडून पाहावी. याउपर एक दिवस नदीत उतरून जेवावे. पत्रावळी पळसाच्याच असाव्यात, त्या लावणाऱ्यांस रोख मजुरी द्यावी, आणि पंगत एकच असावी, जीत ज्यांनी आळू दाखविले त्यांचे पान पहिले वाढले जाईल.